शब्दांची यादी पाठ झाली, पण चित्र दिसलंच नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

पुण्यात अनुवाद पदविका अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने लिहिलं आहे. त्यांच्या 'विशेष क्षेत्रांतला अनुवाद' या पेपरात कायदा, वैद्यक आणि कला असे तीन घटक आहेत. कलेच्या वाट्याला बारा तासिका येतात. वर्गात तिसेक विद्यार्थी आहेत. काही मराठीत एम.ए. झालेले, काही बँकेत नोकरी करणारे, दोघं-तिघं आयटीतले. चित्रांचं प्रदर्शन बहुतेकांनी कधी पाहिलेलं नाही. बाई स्वतः साहित्याच्या आहेत, कलेचं शिक्षण घेतलेलं नाही. त्यांनी कष्टाने दोनशे कलासंज्ञांची यादी तयार केली, ती दरवर्षी शिकवतात, मुलं ती पाठही करतात आणि परीक्षेत लिहितात. पण सलग उतारा समोर आला की सगळं कोसळतं. एका प्रदर्शनपुस्तिकेत इंग्रजी वाक्य होतं, त्याचा आशय असा की चित्रकाराने 'वॉर्म ग्राउंड'वर पातळ 'ग्लेझ' चढवत चेहरा 'मॉडेल' केला आहे. एका हुशार मुलाने लिहिलं, 'चित्रकाराने उबदार जमिनीवर पातळ चकाकी देऊन चेहरा बनवला आहे.' मग बाईंनी गटकाम करून पाहिलं. पाचांच्या गटात दोघांनी काम केलं, बाकीचे मोबाइलवर होते. विभागप्रमुखांनी आवाजाबद्दल नाराजी दाखवली, आणि एक विद्यार्थिनी म्हणाली, 'मॅडम, तुम्हीच शिकवा ना, गटकाम नको.' त्यांचा प्रश्न असा: मुलांना परिभाषाच येत नसताना कृतीतून शिकवण्याचा हट्ट धरावा का? की आधी यादी पक्की करून घ्यावी आणि वेळ उरला तर उपक्रम घ्यावेत? आणि कलेतलं कळत नसताना हा घटक आपण शिकवावा तरी का?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ती 'उबदार जमीन'. त्या मुलाने आळस केलेला नाही. तुमच्या यादीत 'ग्लेझ' म्हणजे चकाकी आहे, 'वॉर्म' म्हणजे उबदार हे त्याला शाळेपासून ठाऊक आहे, 'ग्राउंड' यादीत नसावं म्हणून त्याने कोश उघडला. वाक्य व्याकरणात चोख आहे. फक्त ते वाक्य लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कुठलंच चित्र नव्हतं. यादीत अजून पन्नास शब्द घातले असते तरी ते चित्र तिथे आलं नसतं.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं पहिलं गृहीतच जरा तपासून पाहू. तुम्ही म्हणता, आधी परिभाषा, मग सराव. हा क्रम कायद्याच्या घटकात काही प्रमाणात चालतो, कारण तिथल्या संज्ञांची व्याख्या कायद्याच्या पुस्तकातच दिलेली असते. कलेतल्या संज्ञा हाताने केलेल्या कामातून आणि डोळ्यांना दिसलेल्या फरकातून जन्माला आलेल्या आहेत. ते काम आणि तो फरक माहीत नसेल तर मराठी प्रतिशब्द म्हणजे एका अनोळखी शब्दाच्या जागी ठेवलेला दुसरा अनोळखी शब्द. मुलं यादी पाठ करतात, गुण मिळवतात आणि उताऱ्यात अडकतात, याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

पुढच्या तासाला एक करून बघा. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही रंगसाहित्याच्या दुकानातून ॲक्रिलिक रंगाच्या दोन छोट्या ट्यूब आणा, एक गेरूसारखा तांबूस तपकिरी आणि एक निळा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. एक पांढरा ठेवा, दुसऱ्यावर घरूनच तांबूस रंगाचा सपाट हात मारून आणा. वर्गात निळ्या रंगात भरपूर पाणी घालून तोच पातळ निळा दोन्ही तुकड्यांवर एका मुलाला लावायला सांगा. पांढऱ्यावर निळा थंड आणि स्वच्छ दिसेल. तांबूस तुकड्यावर तोच निळा मवाळ, करडेपणाकडे झुकलेला दिसेल, कारण खालचा तांबडा वर झिरपून दिसत असतो. वाळू द्या, पुन्हा एक पातळ हात द्या, पुन्हा बघा. आता सांगा की चित्रकार मुख्य चित्र सुरू करण्याआधी कॅनव्हासला जो पहिला थर देतो तो ग्राउंड, आपण त्याला अस्तर म्हणू शकतो. तो तांबूस-पिवळसर असला की वॉर्म. आणि तैलचित्रात वरून चढवलेला पारदर्शक पातळ थर म्हणजे ग्लेझ. वर्गातली वीस मिनिटं जातील. मग तेच इंग्रजी वाक्य परत द्या. 'तांबूस अस्तरावर पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवत चित्रकाराने चेहऱ्याला उठाव आणला आहे' याच्या आसपासचं काहीतरी मुलं स्वतः लिहितील. 'मॉडेल'साठी कोणी 'गोलाई' म्हणेल, कोणी 'उठाव', त्यावर वाद होईल. तो होऊ द्या. तुम्हाला हवं असलेलं शिक्षण त्या वादात आहे.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची चिनी मातीची बरणी घेऊन जा. तिच्या अंगावरची झिलई हेसुद्धा इंग्रजीत ग्लेझच. एकाच इंग्रजी संज्ञेला माध्यमानुसार दोन वेगळे मराठी शब्द लागतात हे त्या बरणीसमोर एकदा कळलं की पुसलं जात नाही, आणि नवी संज्ञा दिसली की 'हे कशावर केलंय? कशाने केलंय?' हा प्रश्न मुलं आपोआप विचारायला लागतात. सगळ्याच संज्ञा अशा वर्गात करून दाखवता येणार नाहीत, येऊ नयेतही. पण बटाटा कापून ठसा काढला तर छापचित्रातला उठावाचा भाग आणि खोदलेला भाग कळतो, आणि शाडूच्या मातीच्या फळीवर उठावाचं शिल्प कसं पार्श्वभूमीतून वर येतं ते दिसतं. दहा-बारा मूळ क्रिया अशा हाताखालून गेल्या की उरलेल्या संज्ञा त्यांच्या आधाराने समजतात.

आणि वर्ग सोडून बाहेर पडा. तुमच्याकडे पुणं आहे, याचं महत्त्व तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही, म्हणून आग्रहाने सांगते. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर घ्या. साधारण आठव्या शतकातली, राष्ट्रकूट काळातली ही लेणी भर वस्तीत आहे. 'रॉक-कट टेम्पल'चं मराठी मुलं सर्रास 'दगडात बांधलेलं मंदिर' असं करतात. त्यांना त्या गोल नंदीमंडपापाशी उभं करा आणि विचारा, इथे दगडावर दगड रचल्याचा सांधा कुठे दिसतो का? खांब आणि छत एकाच बेसॉल्टच्या खडकातून कोरून काढलेलं आहे, वरून खाली आणि बाहेरून आत. हे बघितलेला माणूस पुन्हा 'बांधलेलं' लिहीत नाही. तो 'कोरलेलं' लिहील, 'खोदीव' लिहील, विद्वानांसाठी लिहायचं असेल तर 'शैलकृत' लिहील, आणि तिन्हींतला फरक वाचक बघून ठरवील. तासाभराचा फेरफटका आहे.

कसबा पेठेतली तांबट आळीही अशीच. तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे सारखे ठोके देऊन जो खवलेदार पोत आणतात त्याला मठारकाम म्हणतात. परदेशी संग्रहालयाच्या इंग्रजी यादीत 'हॅमर्ड फिनिश' वाचून 'हातोडी मारलेली पृष्ठभागाची सजावट' असलं काहीतरी लिहिणाऱ्या मुलाला कळू द्या की त्यासाठीचा शब्द त्याच्या शहरातल्या एका गल्लीत रोज वापरात आहे. मुलांना दोन-दोनच्या जोडीने पाठवा. कारागिराची परवानगी घेऊन, त्याच्या कामात अडथळा न आणता, एकेका हत्याराचं आणि एकेका क्रियेचं नाव टिपून आणायला सांगा. कोशातली परिभाषा आणि कामावरची परिभाषा यांत अंतर असतं. अनुवादकाला दोन्ही यायला हव्यात. माझं मत विचाराल तर वस्तूच्या शेजारच्या पाटीवर कामावरचा शब्द आधी वापरावा.

आता 'मुलांनी चित्रच पाहिलेलं नाही' या तुमच्या काळजीबद्दल. ती खरी आहे, पण त्यावर कलेच्या इतिहासाची व्याख्यानं हा उपाय नव्हे. अबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी मिळून चित्र बघायला शिकवण्याची एक साधी पद्धत बसवली. तिच्यात प्रश्न तीनच आहेत: या चित्रात काय चाललंय? तुम्ही हे कशावरून म्हणता? अजून काय सापडतं? शिक्षकाने माहिती द्यायची नाही, मुलांनी सांगितलेलं पुन्हा नेमक्या शब्दांत मांडायचं आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशी जोडून द्यायचं. तुमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षिकेला हे सहज जमेल, कवितेच्या तासाला तुम्ही वेगळं काय करता?

यासाठी एक चित्र सुचवते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्याला आला आणि त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांना एकत्र दाखवणारं चित्र रंगवलं. ते आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे, आणि त्याची प्रतिमा इंटरनेटवर सहज मिळते. त्याच सुमाराला पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याची चित्रं काढली. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. म्हणजे पुण्यात घडलेल्या कलेवरचा बराच मजकूर इंग्रजीत आहे आणि तो मराठीत आणण्याचं काम तुमच्या मुलांची वाट बघतंय. तर, पेशव्यांचं ते चित्र पडद्यावर लावा, कसलाही मजकूर देऊ नका आणि पंधरा मिनिटं ते तीन प्रश्न विचारत राहा. मुलं पगडीपासून बैठकीपर्यंतचे शब्द स्वतःहून काढतील, कोण कुणाकडे बघतंय, उजेड कुठून येतोय, युरोपीय चित्रकाराने मराठी दरबार कसा मांडलाय हे बोलतील. सगळं फळ्यावर लिहा. त्यानंतर या चित्रावरचा एखादा इंग्रजी परिच्छेद द्या. अर्धे शब्द फळ्यावर आधीच हजर असतील, आणि अनुवाद करताना मुलं मजकूर चित्राशी ताडून बघतील.

हे ताडून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मूळ मजकूर चुकलेलाही असू शकतो. कितीतरी इंग्रजी पुस्तिकांत अजिंठ्याच्या चित्रांना 'फ्रेस्को' म्हटलेलं असतं. खरा फ्रेस्को ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर करतात. अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. मग अनुवादकाने काय करावं? 'फ्रेस्को' जसंच्या तसं ठेवावं, 'भित्तिचित्र' म्हणून सुटका करून घ्यावी, की संपादकाला टीप पाठवावी? मी वर्गाचे तीन भाग करून हे तीन पक्ष लढवायला लावीन. असा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण नोकरीतल्या पहिल्या महिन्यात येतो.

गटकाम फसलं त्याबद्दल थोडं. मला वाटतं, तुम्ही पाच जणांना एकच उतारा दिला असणार. ज्याला येतं तो करतो, बाकीचे बघतात, हे मोठ्या माणसांच्या समित्यांतही होतं. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'जिगसॉ' पद्धत काढली. अडचण वेगळी होती, पण उपाय आपल्याला लागू पडतो. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तणाव होता. त्याने धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होईना.

तुमच्या वर्गात ते असं बसवता येईल. एक प्रदर्शनपुस्तिकेचा उतारा घ्या. तिसातले सात-आठ जण फक्त माध्यम आणि तंत्राचा शोध घेतील. सात-आठ जण त्यातल्या विषयाचा, म्हणजे कुठली देवता, कुठली कथा, कुठला प्रसंग. तिसरा गट काळाचा आणि चित्रकाराचा. चौथा गट वाचकाचा: हा मजकूर कोण, कुठे, कशासाठी वाचणार आणि म्हणून भाषा कशी हवी. पुढच्या तासाला गट मोडा आणि प्रत्येकातला एकेक घेऊन चौघांचे नवे गट करा. आता या चौघांनी मिळून अनुवाद करायचा. प्रत्येकाकडे असं काही आहे जे बाकीच्या तिघांकडे नाही, त्यामुळे मोबाइल आपोआप खिशात जातो. अनुवाद चौघांचा, पण शेवटी प्रत्येकाने आपल्या दोन निर्णयांचं स्पष्टीकरण एकट्याने लिहून द्यायचं आणि गुण त्यालाच द्यायचे. हे शेवटचं गाळू नका.

'मॅडम, तुम्हीच शिकवा' म्हणणाऱ्या मुलीला मात्र दोष देऊ नका. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं: कृतिशील वर्गातली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि स्वतः धडपडताना आपल्याला किती येत नाही ते दिसत राहतं, म्हणून असं होतं. त्याआधी २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात केवळ व्याख्यानं असलेल्या वर्गांत नापास होण्याची शक्यता कृतिशील वर्गांच्या दीडपट निघाली. हे अभ्यास अनुवादाचे नाहीत, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण विभागप्रमुखांशी बोलताना तुम्हाला आधार म्हणून उपयोगी पडतील. आणि मुलांना ही अस्वस्थता येणार आहे हे पहिल्याच तासाला मोकळेपणाने सांगून टाका. व्याख्यान पूर्ण बंद करायचीही गरज नाही. मुलांची झटापट झाल्यानंतर दिलेलं दहा मिनिटांचं नेमकं व्याख्यान फार कामाचं असतं, कारण तेव्हा त्यांच्याकडे प्रश्न असतात.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन ती: मुलांना खरा वाचक द्या. सध्या त्यांचा वाचक तुम्ही आहात, आणि तुम्हाला मूळ मजकूर माहीत आहे. असा वाचक काही अडून विचारत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांना घेऊन जा. अडकित्त्यांच्या कपाटासमोर एकेकाला एक अडकित्ता निवडू दे. काम असं द्या: या वस्तूची पाटी मराठीत लिही, मग इंग्रजीत आण. मर्यादा पन्नास शब्द, कारण वाचणारा उभा आहे, त्याच्या मागे माणसं आहेत आणि लहान मूल हात ओढतंय. पाचव्या मिनिटाला मुलांच्या लक्षात येईल की दोन्ही पाट्या सारख्या होऊच शकत नाहीत. मराठी वाचकाला अडकित्ता म्हणजे काय हे सांगायला नको, त्याला घडण, धातू, मोराची की घोड्याची आकृती, ती धरायची कशी याबद्दल कुतूहल आहे. इंग्रजी वाचकाला आधी विडा सांगावा लागतो, सुपारी सांगावी लागते, पाहुण्यापुढे तबक ठेवण्याची रीत सांगावी लागते, आणि त्यातच तीस शब्द संपतात. उरलेल्या वीस शब्दांत काय ठेवायचं? मग त्याच अडकित्त्यावर तिसरा मजकूर लिहायला लावा, अंध श्रोत्याला ऐकवण्यासाठी. तिथे 'सुंदर नक्षीकाम' चालत नाही. हाताला काय लागेल, वजन कसं असेल, पाती कुठे मिटतात हे सांगावं लागतं. अनुवादाचं प्रयोजन ठरल्याशिवाय अनुवाद ठरत नाही हा हान्स फेरमेअर आणि कातारिना राइस या जर्मन अभ्यासकांचा सिद्धान्त तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. या एका वस्तूवरच्या तीन मजकुरांनंतर तो शिकवा.

याच्याही पुढे जायचं असेल तर बालगंधर्व कलादालनात जा. तिथे नवोदित चित्रकारांची प्रदर्शनं भरतात. कित्येकांचं निवेदन फक्त इंग्रजीत असतं, आणि मराठी प्रेक्षक ते न वाचताच पुढे सरकतात. एखाद्या चित्रकाराला विचारा, आमची मुलं तुमच्या निवेदनाचा मराठी अनुवाद करतील, चालेल का? इथे मुलांना एक नवा धडा मिळेल, तो म्हणजे मुळातच धूसर असलेला मजकूर. कलादालनांतल्या इंग्रजीची ही सवय इतकी जगभर पसरली आहे की अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी २०१२ मध्ये एका निबंधात 'आंतरराष्ट्रीय कला-इंग्रजी' असं तिचं नावच ठेवलं. 'अवकाशाची विचारणा करणारी कलाकृती' असली वाक्यं मराठीत आणताना मुलं एकतर संस्कृत शब्दांची आतषबाजी करतात किंवा हात टेकतात. दोन्ही नको. त्यांना चित्रकारासमोर बसवा आणि विचारायला लावा, 'हे वाक्य तुम्ही कुठल्या चित्राबद्दल लिहिलंत? दाखवता का?' चित्रकार बोट ठेवून बोलायला लागला की बहुधा साध्या मराठीतच बोलतो, आणि अनुवादाची निम्मी वाक्यं तिथेच मिळतात. दोन अटी पाळा. अंतिम मजकूर तुम्ही तपासल्याशिवाय भिंतीवर जाऊ नये, आणि मुलांची नावं अनुवादक म्हणून छापली जावीत. पैसे कमावणाऱ्या दालनांना फुकट अनुवाद पुरवायला मात्र मुलांना जुंपू नका.

यंत्रानुवादाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वर्गात तो चालू असणारच. बंदी घालून उपयोग नाही. एक उतारा यंत्राकडून करून घ्या, छापून वाटा आणि चित्र समोर ठेवून मुलांना तपासायला लावा. कुठली चूक भाषेची, कुठली न पाहिल्याची, ते वेगळं करायला सांगा.

तुमच्या दोनशे शब्दांच्या यादीचं काय? फेकू नका, ती तुमच्यापाशी ठेवा. मुलांना त्यांची स्वतःची यादी करू द्या. प्रत्येक नोंदीत शब्द, तो जिथे भेटला ते वाक्य, वस्तूचं छायाचित्र किंवा हाताने काढलेलं रेखाटन, मराठी विश्वकोशात किंवा भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत काय दिलंय, कारागीर काय म्हणतो, आणि आपण कुठला पर्याय का सोडला हे यायला हवं. एका विद्यार्थ्याने पंधरा नोंदी केल्या तरी वर्गाचा कोश चांगला भरतो. पुढची तुकडी तो तपासून पुढे नेईल.

विभागप्रमुखांचा आवाजाचा मुद्दा सरळ सोडवा: गटकामाचे तास ग्रंथालयाशेजारच्या वर्गात ठेवू नका आणि एका तासाला त्यांनाच बोलवा. परीक्षेचं म्हणाल तर लेखी पेपर तुमच्या हातात नसेलही, पण अंतर्गत गुण असतात. ते अनुवाद, त्यामागच्या निर्णयांचं टिपण आणि कोशातल्या नोंदी यांना द्या. टिपण मुलांना नीट लिहिता यायला वेळ लागतो, पहिल्या दोन वेळा गुण न देता नुसते शेरे द्या.

राहिला प्रश्न कलेतलं कळत नसताना शिकवावं का. जरूर शिकवा. तुमचं काम मुलांकडून वाक्य नेमकं करून घेण्याचं आहे, ते तुम्हाला उत्तम येतं. कलेचा जाणकार हवा तिथे जाणकार बोलवा: अभिनव कला महाविद्यालयातला एखादा शिक्षक किंवा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी एक तास रंग आणि कुंचले घेऊन आला तरी वर्षभर पुरेल. आणि मुलांसमोर 'मला हे माहीत नाही, चला शोधू' म्हणणं हाच या पेपरातला कळीचा धडा आहे, कारण विशेष क्षेत्रातला अनुवादक आयुष्यभर तेच करणार असतो.

ज्या वाचकांच्या गावात संग्रहालय नाही, त्यांच्यासाठी: जुन्या देवळाचा सभामंडप, एखाद्या वाड्याचा कोरीव दरवाजा, घरातली पैठणी किंवा माळ्यावरचा समईचा जोड घेऊन यातलं बहुतेक सगळं करता येतं. स्वतःच अनुवाद शिकणाऱ्यांनी एक मित्र गाठावा. पाठीला पाठ लावून बसावं, एकाने चित्राचं वर्णन करावं आणि दुसऱ्याने ते न पाहता नुसतं ऐकून काढावं. कागदावर जे चुकीचं उमटेल, तिथे वर्णनात काय कमी पडलं ते सापडतं.

बारा तासिकांत हे सगळं मावणार नाही, ते मावायला हवंही असं नाही. पहिल्या वर्षी पुठ्ठा आणि बरणी, पेशव्यांचं चित्र, जिगसॉचे दोन-तीन तास, पाताळेश्वर आणि अडकित्त्याची पाटी एवढं करा. तांबट आळी सुट्टीच्या दिवसाचं काम म्हणून द्या. कलादालन पुढच्या वर्षी. संग्रहालयात वर्ग न्यायचा तर आधी लेखी पत्र द्यावं लागेल, त्यात तारीख, विद्यार्थ्यांची संख्या, छायाचित्रं काढायची आहेत का आणि वस्तूंना हात लावला जाणार नाही याची हमी लिहा. ते पत्र या आठवड्यातच द्या, म्हणजे कलेचा घटक सुरू होईपर्यंत परवानगी हातात असेल.